कधीच न चुकण्याची सोपी रीत

आधी मत ठरवा. पुरावे मागाहून येतात. नाही आले तर बोलावून घेता येतात. हा क्रम उलटा करायची खोड ज्यांना असते ते जन्मभर ‘बघावं लागेल’ म्हणत बसतात, आणि चर्चेत त्यांना कोणी विचारत नाही.

मत ठरलं की त्याला वारा लागू द्यायचा नाही. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६० साली लोकांपुढे २, ४, ६ हे आकडे ठेवले. यामागचा नियम ओळखा. तुम्हीही तीन-तीन आकडे सुचवा, ते नियमात बसतात का ते सांगतो. बहुतेकांना नियम तिथल्या तिथे ‘कळला’. ८, १०, १२? बसतात. २०, २२, २४? बसतात. काय समाधान वाटलं असेल! नियम एवढाच होता की आकडे चढते हवेत. कोणी १, २, ३ विचारलं असतं तरी भ्रम फुटला असता. पण स्वतःचंच म्हणणं खोटं पाडणारा प्रश्न विचारायचा कशाला? ‘हो’ मिळेल तिथेच विचारावं. मित्र त्यासाठीच तर असतात.

कावळा बसला आणि फांदी मोडली, तर कावळ्याला धरा. फांदी किडकी होती का हे बघायला झाडावर चढावं लागतं.

कोणी आकडेवारी काढलीच, तर तिच्याकडे बघू नका, त्याच्याकडे बघा. हा कोण, कुणाचा, परवा काय म्हणत होता? न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या प्राचीन भारतीय ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार आहेत. वादात खरं काय ते शोधायचं, जल्पात जिंकायचं, आणि वितंडेत स्वतःची बाजूच मांडायची नाही, समोरच्याची तेवढी मोडायची. सर्वांत कमी मेहनत कशात, हे चाणाक्ष वाचकाला सांगायला नको.

एवढं करूनही तोंडघशी पडलात, तर ‘मी तेव्हाच म्हणालो होतो’ म्हणा. यात खोटेपणा नाही बरं का. १९७२ साली अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या चीन आणि सोव्हिएत दौऱ्यांआधी फिशहॉफ आणि बेथ या संशोधकांनी लोकांचे अंदाज लिहून घेतले होते. दौरे आटोपल्यावर तेच अंदाज आठवायला सांगितले. जे घडलं होतं, ते आपण प्रत्यक्षात होती त्याहून जास्त खात्रीने वर्तवलं होतं, असं पुष्कळांना मनापासून आठवलं. काळजी एकच घ्या: आधी काय म्हणालात ते कुठे लिहून ठेवू नका.