दोष फक्त प्लास्टिक फेकणाऱ्याचा नाही

‘प्लास्टिक वाईट नाही, ते फेकणारी माणसे वाईट आहेत’ असे सांगणारा एक लांबलचक संदेश नागपुरातल्या आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर वारंवार येतो. प्लास्टिक शंभर टक्के पुन्हा वापरात येते, कापडी पिशवी त्याहून घातक आहे, निर्बंधांमुळे कामगारांच्या पोटावर पाय येतो आणि प्रदूषणाचा दोष कारखान्यांचा नसून बेशिस्त नागरिकांचा आहे, असे चार दावे त्यात आहेत. तो पाठवणारे बरेच जण माझ्या परिचयाचे आणि सद्हेतूचे आहेत, म्हणून हे सविस्तर उत्तर.

पहिला दावा आकड्यांपुढे टिकत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार २०१५ पर्यंत सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झाले होते, आणि तोवर साचलेल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी अवघ्या ९ टक्क्यांवर पुनर्प्रक्रिया झाली. १२ टक्के जाळला गेला, उरलेला ७९ टक्के कचराभूमीत किंवा उघड्यावर पडून राहिला. याचे कारण दारावर येणाऱ्या कबाड्याच्या ठेल्यावरच दिसते. पाण्याच्या बाटल्या, तेलाच्या कॅन, मोडक्या खुर्च्या तो वजन करून घेतो. चिप्सच्या रिकाम्या पाकिटांची पिशवी मी पुढे केली, तेव्हा त्याने ती उघडूनही पाहिली नाही. त्या पाकिटात वेगवेगळ्या प्लास्टिकचे आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करण्याचा खर्च हाती येणाऱ्या मालाच्या किमतीहून जास्त पडतो. जे वितळवले जाते, त्याचाही दर्जा प्रत्येक फेरीत उतरतो, त्यामुळे बाटलीची पुन्हा बाटली होण्याऐवजी बहुधा धागा किंवा पट्टीच होते.

कापडी पिशवीबद्दलच्या दाव्यामागे डेन्मार्क सरकारचा २०१८ चा अहवाल आहे. प्लास्टिकच्या पिशवीच्या तोडीची ठरण्यासाठी सेंद्रिय कापसाची पिशवी २०,००० वेळा वापरावी लागेल, हा आकडा त्यातलाच आहे. पण तो ओझोन थरावरील परिणामासह सगळे निकष धरून काढलेला आहे. केवळ हवामानावरचा परिणाम पाहिला तर साध्या कापसाच्या पिशवीसाठी तोच अहवाल ५२ वापर सांगतो. शिवाय उघड्यावर पडलेल्या पिशवीने होणारे नुकसान त्यात मोजलेलेच नाही, आणि आपला प्रश्न तर नेमका तोच आहे. जुन्या साडीची शिवलेली पिशवी घेऊन दर आठवड्याला बाजारात जाणाऱ्या बाईचे ५२ वापर वर्षभरात पूर्ण होतात. एवढे मात्र मान्य केले पाहिजे की समारंभात वाटलेली नवी कापडी पिशवी कपाटात पडून राहिली, तर तिचा उपयोग शून्य आहे.

रोजगाराची चिंता खरी आहे, पण निर्बंध सरसकट सगळ्या प्लास्टिकवर नाहीत. संत्र्याच्या बागेतली ठिबकची नळी अनेक वर्षे पाणी वाचवते आणि शेवटी भंगारातही विकली जाते. तिच्यावर कोणी बंदी घातलेली नाही. १ जुलै २०२२ पासून देशभर बंद झाल्या त्या कप, चमचे, स्ट्रॉ यांसारख्या एकदाच वापरून टाकायच्या ठरावीक वस्तू.

आता शेवटचा दावा. नागरिकाने कचरा नीट टाकलाच पाहिजे, यात वाद नाही; पण प्लास्टिकचा पर्यावरणावरचा भार ते हातात येण्याआधीच सुरू होतो. ते बहुतांशी खनिज तेल आणि वायूपासून बनते, आणि ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये प्लास्टिकमुळे झालेले हरितगृह वायूंचे उत्सर्जन सुमारे १८० कोटी टन होते, त्यातले ९० टक्के निर्मितीच्या टप्प्यावरचे. ते कोणत्याही डस्टबिनमध्ये टाकून कमी होणारे नाही.

आपल्या पानठेल्यावरचा खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुन्याचे मिश्रण घ्या. तो प्लास्टिकच्या ज्या पातळ पन्नीत घोटला जातो, तिचे वजन इतके नगण्य असते की कचरा वेचणाऱ्याने दिवसभर वाकून अशा पन्न्या गोळा केल्या तरी त्याच्या हाती काही लागत नाही. म्हणून ती नालीतच राहते. तंबाखू प्लास्टिकच्या पुडीत विकण्यास २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी मनाई केली, तरी ती पन्नी गठ्ठ्यांनी मिळते, म्हणजे कुठेतरी ती तयार होते आणि कोणीतरी ती पुरवते. त्याच नियमांनी उत्पादक, आयातदार आणि ब्रँडमालक यांच्यावर प्लास्टिक कचरा परत गोळा करण्याची जबाबदारी टाकली आहे, आणि संदेशात तिचा उल्लेखसुद्धा नाही. पावसाळ्यात त्या पन्न्या नालीतून नाग नदीत जातात, नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान वैनगंगेला. तिथे काठावरच्या गावांनी तो खर्रा खाल्लेला नसतो आणि ती पन्नी फेकलेलीही नसते.