पाकोच्या सावलीतला मानोलो

फ्लेमेन्को, म्हणजे दक्षिण स्पेनचं संगीत, म्हटलं की आपल्याकडे एकच नाव येतं, गिटारवादक पाको दे लुसिया. साहजिक आहे, आपण बरेचजण 'शक्ती' या बँडमुळे झाकीरभाईंकडून गिटारवादक जॉन मॅकलॉफलिनकडे गेलो आणि त्याच्याकडून पाकोकडे. मीही तसाच गेलो आणि वर्षानुवर्षं तिथेच थांबलो. पाको ग्रेटच, त्यावर वाद नाही. पण मला आज दुसऱ्या एका फ्लेमेन्को गिटारवादकाबद्दल, मानोलो सानलूकारबद्दल लिहायचंय, कारण हा माणूस आपल्याकडे जवळपास कुणी ऐकतच नाही आणि मला या गोष्टीचा मनापासून राग येतो.

जन्म १९४३ चा, सानलूकार दे बार्रामेदाचा, म्हणजे गुआदालकिविर नदी जिथे समुद्राला मिळते ते गाव. आडनावासारखं वाटतं ते खरं तर गावाचं नाव, खरं नाव मानुएल मुन्योस आल्कोन. वडील पाव भाजायचे आणि गिटारही वाजवायचे, पोरगाही बेकरीत पीठ मळायचा आणि गिटार घरातच शिकला. सत्तरच्या दशकात त्याचा 'काबायो नेग्रो' हा रुंबा (फ्लेमेन्कोतला हलकाफुलका, नाचता येईल असा प्रकार) स्पेनभर गाजला. साधारण त्याच सुमारास पाकोचा 'एन्त्रे दोस आगुआस' आला, तोही रुंबाच! पुढे पाको जॅझवाल्यांबरोबर जगभर फिरला आणि मानोलो वळला ऑर्केस्ट्रा, बॅले आणि लांब पल्ल्याच्या रचनांकडे. असल्या गोष्टींचे रील होत नाहीत हो.

त्याचं एकच काही ऐकणार असाल तर 'ताउरोमाखिया' ऐका, बैलांच्या झुंजीवरचा १९८८ चा अल्बम. बैलाच्या जन्मापासून सुरू होतो आणि 'पुएर्ता देल प्रिन्सिपे'ला संपतो, म्हणजे सेव्हियाच्या (सेव्हिलच्या) रिंगणाचा तो दरवाजा जिथून जिंकलेल्या मातादोरला, म्हणजे बैलाशी झुंजणाऱ्याला, खांद्यावर घेऊन बाहेर काढतात. आता मला ती झुंज स्क्रीनवरही बघवत नाही, दोन मिनिटांत चॅनेल बदलतो. तरी हा अल्बम मी शंभरेक वेळा ऐकला असेन. 'ओरासिओन' म्हणजे प्रार्थना, रिंगणात उतरायच्या आधीची. तिथे मानोलो जे थांबतो ना, तार वाजून गेल्यावरची ती जागा, तिथे तो घाईच करत नाही. एवढा हात चालणारा माणूस इतका गप्प बसू शकतो हेच मला भारी वाटतं.

तालाचं सांगतो, आपल्या लोकांना मजा येईल. बुलेरियास, आलेग्रियास, सोलेआ हे फ्लेमेन्कोचे प्रकार, सगळं बारा मात्रांचं. म्हटलं चला, एकताल, घरचाच मामला. कसलं काय! वजन पडतं ३, ६, ८, १०, १२ वर आणि गिटारचं वाक्य बहुतेक वेळा दहावर येऊन संपतं. आपला कान समेची वाट बघत बसतो आणि हे लोक त्याआधीच 'ओले' (आपल्या 'वाह'सारखी दाद) म्हणून मोकळे. मला हे कळायला एक अख्खा पावसाळा लागला. बायको म्हणायची, टेबलावर टकटक बंद कर.

आणि आता त्याचं उतारवय, ज्यासाठी खरं तर ही पोस्ट. २००० साली स्पॅनिश कवी लोर्काच्या कवितांवरचा अल्बम केला, गायिका कार्मेन लिनारेसचा आवाज घेऊन. त्याच साली स्पेनचा राष्ट्रीय संगीत पुरस्कार मिळाला. या टप्प्यावर कुणीही दौरे काढून पैसा केला असता. हा हळूहळू स्टेजवरून उतरला आणि शिकवायला बसला. कोर्दोबाच्या गिटार फेस्टिव्हलमध्ये वर्षानुवर्षं वर्ग घेतले, आणि या संगीताची हार्मनी नेमकी कशी चालते हे पुढच्या पोरांसाठी मांडून ठेवायच्या मागे लागला. कारण हे सगळं हातातून हातात गेलेलं, कुणी बसून समजावलेलं नाही. 'वाजवणं सोडून मास्तरकी कसली' असं म्हणणारे भेटतात. मला उलट वाटतं. गिटारवादक विसेंते आमिगो ऐकलाय ना? तो याच्याच हाताखाली तयार झाला, 'ताउरोमाखिया'तही आहे तो. ज्याच्या शिष्यावर तुम्ही फिदा आहात, त्या गुरूचं नाव माहीत नसणं जरा वाईट दिसतं.

२७ ऑगस्ट २०२२ ला गेला, ७८ व्या वर्षी. माझ्या फीडमध्ये त्या दिवशी एकही पोस्ट नव्हती, आणि खरं सांगायचं तर मीही टाकली नव्हती, त्या रात्री नुसता 'ओरासिओन' लावून बसलो होतो.


हेडफोन लावून ऐका, मोबाईलच्या स्पीकरवर नको. आणि दहावर ओले म्हणायला जमलं की कमेंटमध्ये कळवा.