ज्यांना नेट जेमतेम लागतं, त्यांचं काय?
मोबाइल रिचार्जवरच्या तुमच्या लेखात रोज दीड-दोन जीबीच्या प्लॅनचीच तुलना केलीय. पण आमच्या लालबागच्या चाळीतल्या आजी-आजोबांना एवढं नेट कशाला? ट्रायने (दूरसंचार कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून फक्त कॉल-एसएमएसचं व्हाउचर देणं कंपन्यांना बंधनकारक केलं, मुदतीची मर्यादाही ९० वरून ३६५ दिवसांवर नेली. आईला मी तेच रिचार्ज मारून देतो. व्हॉट्सअ‍ॅप घरच्या वायफायवर, बँकेचा ओटीपी एसएमएसने येतो, भाजीचे पैसे ती रोखच देते. दुकानदार आपणहून हा प्लॅन सांगत नाहीत, ठामपणे मागा. मात्र बाहेर क्यूआर स्कॅन करायची सवय असेल तर त्यावर वेगळा डेटा पॅक चालतो का, हे आधी विचारून घ्या. ज्येष्ठांसाठी हे लेखात यायलाच हवं होतं!