लो-डोस सीटीबद्दलचा तो मेसेज

‘लो-डोस सीटी करू नका. रेडिएशन कमी केलं की फोटो धूसर येतो आणि गाठ सुटते. चित्र जितकं स्वच्छ, तितकं निदान पक्कं. कमीच हवं असेल तर एआय आहेच, सगळं भरून काढतं.’ असा एक मेसेज सध्या फिरतोय.

आधी ‘धूसर’चं बघू. डोस, म्हणजे रेडिएशन, कमी केल्यावर चित्र धूसर होत नाही, दाणेदार होतं. तेही वाटतं तितकं नाही: डोस निम्मा केला तर नॉइज, म्हणजे हे दाणे, सुमारे १.४ पट होतो. दुप्पट व्हायला डोस पाव करावा लागतो. हे दाणे नडतात का, ते काय शोधायचंय यावर ठरतं. फुप्फुसातल्या हवेत गाठ उठून दिसते, मूतखडाही तसाच. अमेरिकेतल्या ५३,००० हून अधिक धूम्रपान करणाऱ्या किंवा ते सोडलेल्या लोकांवरच्या चाचणीचा निष्कर्ष २०११ मध्ये आला. छातीच्या साध्या एक्स-रेच्या तुलनेत लो-डोस सीटीच्या गटात फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी होते. डोस होता साधारण १.५ मिलिसीव्हर्ट (रेडिएशन मोजायचं एकक), नेहमीच्या छातीच्या सीटीला त्याच्या चौपट-पाचपट लागतो. यकृतातल्या फिकट गाठीबाबत मात्र मेसेजवाल्याची भीती खरी आहे. तिथे आजूबाजूच्या भागाशी फरकच इतका थोडा असतो की दाण्यांत ती हरवू शकते.

‘स्वच्छ चित्र, पक्कं निदान’ हे तर मला सगळ्यात महागात पडणारं वाक्य वाटतं. मूतखडा बघायला यकृताइतकं गुळगुळीत चित्र मागितलं, तर मशीन मुकाट्याने एक्स-रे ट्यूबचा करंट वाढवतं, म्हणजे डोसही. उलट, कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं आयोडीनचं औषध) दिलेल्या स्कॅनमध्ये व्होल्टेज १२० वरून १०० केव्हीवर आणलं की डोस घटतो आणि आयोडीन जास्त उजळतं, कारण त्या ऊर्जेचे किरण ते जास्त शोषतं. (जाड रुग्णात ही युक्ती नेहमी चालत नाही.) रुग्णाला गॅन्ट्रीच्या, म्हणजे मशीनच्या गोल कड्याच्या, बरोबर मध्ये झोपवणं, गरज नसलेला एखादा फेज (कॉन्ट्रास्टच्या आधी किंवा नंतर त्याच भागाचा पुन्हा केलेला स्कॅन) गाळणं, यात तर चित्राचं काहीच बिघडत नाही. आणि तीन फेज म्हणजे जवळजवळ तिप्पट डोस, हे मेसेजमध्ये कुठेच नाही.

राहिला एआय. तो दाणे छान पुसतो, पण जे किरण टिपणाऱ्या डिटेक्टरपर्यंत पोचलंच नाही ते आणणार कुठून? फार कमी डोसवर चित्र देखणं दिसतं आणि तीच यकृतातली फिकट गाठ दाण्यांबरोबर पुसली जाते.