ससा गप्प बसला म्हणजे खूश नाही

शेतावरच्या शेळ्या, ससे आणि एक गाढव घेऊन वृद्धाश्रमात नि शाळांत जाणाऱ्या कुटुंबावरचा लेख आवडला. गाढवाला मान दिलात, हे विशेष! घोडा दचकला की उधळतो, गाढव बहुधा जागीच थबकतं; चाकाच्या खुर्चीतल्या माणसाजवळ हाच गुण कामी येतो. (एरवी आपण त्याला हट्टी म्हणतो.)

प्राण्यांच्या सहवासातून माणसांना आधार देण्याची कल्पना तशी जुनी. आपला कुत्रा जिंगल्स खोलीत असला की अबोल मुलं बोलती होतात, हे अमेरिकन बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी १९६०च्या दशकात मांडलं, तेव्हा अनेकांनी ते हसण्यावारी नेलं होतं.

लेखातून एक गोष्ट मात्र निसटली. ठणठणीत दिसणाऱ्या शेळीच्या पोटातही ई-कोलाय या जिवाणूचे घातक प्रकार असू शकतात. भेटीनंतर साबण-पाण्याने हात धुवायलाच हवेत, नुसतं सॅनिटायझर चोळून भागत नाही. लहान मुलांची बोटं तर लगेच तोंडात जातात.

आणि तो फोटोतला ससा! मांडीवर निपचित बसलेला ससा बऱ्याचदा भीतीने थिजलेला असतो. त्याला किती वेळ हाताळू देतात, मध्ये विश्रांती मिळते का, हे त्या कुटुंबाला विचारायला हवं होतं.