कृष्णकमळाचे बिऱ्हाडकरू

निवृत्तीनंतर एखादा निरुपद्रवी छंद लावून घ्यावा, असे ज्याने त्याने सांगितल्यामुळे मी गच्चीत कृष्णकमळ लावले. आत्याच्या अंगणातली, ओल्या फडक्यात गुंडाळून एस.टी.ने पुण्यापर्यंत आणलेली तीन पेरांची फांदी मी पावसाळ्याच्या तोंडाला कुंडीत खोचली. "एकदा लागला की वर्षानुवर्षं बघायला नको," असे आत्याने बजावले होते. या वाक्याचे दोन अर्थ होतात, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

वेलाने पहिले वर्ष नुसत्या वाढीत घालवले. त्याच्यासाठी मी स्वतः बांबूचा मांडव बांधला. खाली बसून चहा पिता यावा म्हणून जुन्या खोक्यांच्या देवदारी फळ्यांचे एक बाकही ठोकले, आणि त्याला रंग देण्याचे काम पुढच्या रविवारवर ढकलले. तो रविवार अजून यायचा आहे.

दुसऱ्या वर्षी कळ्या धरल्या, पण त्यांच्या आधी अळ्या आल्या. तांबूस, अंगभर फांद्याफांद्यांचे काटे असलेल्या या अळ्यांनी चार दिवसांत वेलाचा पार खराटा केला. चौकशीअंती कळले की, ही कृष्णकमलिनी नावाच्या फुलपाखराची संतती आहे. हे नाव मी पूर्वी कुठेसे वाचले होते आणि ठेवणाऱ्याच्या काव्यदृष्टीला दादही दिली होती; ते नाव नसून खानावळीच्या दारावरचा फलक आहे, हे आता समजले. अळ्या मारायला मन धजेना, म्हणून मी त्या मोजत बसलो.

तरीही वेल पुन्हा पालवला आणि श्रावणात फुलला. जांभळ्या तंतूंचे ते चक्र सकाळच्या उन्हात उलगडलेले पाहिले की, आतापर्यंतचा सगळा खर्च वसूल झाल्यासारखे वाटते. मात्र फूल जेमतेम एक दिवस टिकत असल्यामुळे ही वसुली घाईघाईनेच करावी लागते. त्यातही शेजारच्या काकू परडी घेऊन माझ्याआधी हजर असतात. बाहेरचे तंतू म्हणजे शंभर कौरव, आतले पाच पुंकेसर म्हणजे पांडव, वरचे तीन फाटे ब्रह्मा-विष्णू-महेश आणि मधोमध साक्षात श्रीकृष्ण, हे मला ऐकवता ऐकवता त्या संपूर्ण महाभारत देठापासून खुडतात. माझ्या नातवाने एकदा चिकाटीने कौरव मोजले, तेव्हा ते एकोणनव्वद भरले. "बाकीचे पळाले असतील," असा निकाल काकूंनी दिला. हा वेल मुळात अमेरिकेकडचा आणि तिकडच्या स्पॅनिश धर्मप्रचारकांना याच फुलात येशूचा काटेरी मुकुट, पाच जखमा आणि तीन खिळे दिसले होते, ही माहिती मी त्यांना अद्याप दिलेली नाही. परडी त्यामुळे रिकामी राहील, अशी आशा वाटत नाही.

खरे प्रकरण सुरू झाले ते भुंग्यापासून. काळाकुळकुळीत, जांभळी झाक मारणाऱ्या पंखांचा आणि बैठकीच्या खोलीपर्यंत ऐकू येणाऱ्या आवाजाचा हा पाहुणा रोज नऊच्या सुमारास येऊ लागला. कृष्णकमळाचे पुंकेसर उंचावर छत्रीच्या काड्यांसारखे पसरलेले असतात आणि परागकोशांची तोंडे खाली असतात. मधमाशी बिचारी त्याखालून मान न लववता जाते आणि मध पिऊन कोरडीच परतते. भुंग्याची पाठ मात्र नेमकी त्या उंचीची असल्यामुळे तो हळदीच्या कार्यक्रमातून आल्यासारखा पिवळा होऊन निघतो. मी तासन्‌तास पाहत बसे. एवढ्या मेहनतीनंतरही माझ्या वेलाला एक फळ धरले नाही, कारण कृष्णकमळाच्या बऱ्याच जातींना स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या वेलाचा लागतो. पण फळाची आशा धरू नये, हे खुद्द कृष्णाचेच सांगणे असल्यामुळे मी तक्रार केली नाही.

मग एके दिवशी बाकाखाली भुश्शाचा छोटा ढीग दिसला.

"अहो, वाळवी लागली," पत्नी म्हणाली. मी पालथा पडून पाहिले, तर फळीच्या खालच्या अंगाला कंपासने आखावे तसे बोटभर जाडीचे वाटोळे भोक होते आणि आतून कुरकुर ऐकू येत होती. भुंगा कठीण लाकूड कोरतो, पण कोवळ्या कळीत अडकून पडतो, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. या दृष्टान्ताचा पूर्वार्ध आपल्याच बाकावर सिद्ध होईल, असे मात्र वाटले नव्हते. हा प्राणी लाकूड खात नाही, नुसते पोखरून आत अंडी घालतो, हे मी पत्नीला समजावले. "म्हणजे भाडं न देता बिऱ्हाड थाटतो," एवढाच बोध तिने घेतला. नर भुंग्याला नांगी नसते, हेही मी सांगितले. "आणि हा नर आहे कशावरून?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण बिऱ्हाड कोरण्याचे काम मादीच करते.

रंग दिलेल्या लाकडाकडे हे भुंगे सहसा फिरकत नाहीत, असे नंतर समजले. आता भोके तीन आहेत, मांडवाच्या दोन बांबूंतही वर्दळ आहे आणि चहा आम्ही उभ्यानेच घेतो.

परवा काकूंनी परडी खाली ठेवून लाजत लाजत कृष्णकमळाची एक फांदी मागितली. मी सहज विचारले, तुमच्या गॅलरीत लाकडी सामान वगैरे काही आहे का? "हो तर," त्या अभिमानाने म्हणाल्या, "नवा झोपाळा केलाय, अजून रंगसुद्धा दिला नाही!"

मी त्यांना दोन फांद्या कापून दिल्या.