भाऊबंदकी आणि ८ अब्ज आकडे

देवगडातली आमची आंब्याची बाग सामाईक आहे. सातबाऱ्यावर इतकी नावं, की त्यातले हयात कोण आणि गेले कोण हे फक्त तात्याच सांगू शकतात. तात्या माझे चुलत चुलते, आणि वाटपाच्या भांडणातली विरुद्ध बाजूही तेच. एआयचा सल्ला घ्यावा असं फार मनात होतं, पण घरचे कागद परक्या कंपनीच्या सर्व्हरवर टाकायला धीर होईना. मुंबईचा भाचा म्हणाला, "मामा, मॉडेल आपल्याच लॅपटॉपवर चालव. एकदा उतरवून घेतलंस की इंटरनेटसुद्धा लागत नाही. घरातलं घरातच राहतं."

मुंबईत वाढलेलं पोर ते. कोकणात घरातलं घरात कधी राहिलंय?

मेटा कंपनीचं लामा ३.१ हे मॉडेल घेतलं. मॉडेल म्हणजे शेवटी शिकून साठवलेल्या आकड्यांचा ढीग. मी घेतलं ते त्यातलं सगळ्यात धाकटं, ८ अब्ज आकड्यांचं. एका आकड्याला २ बाइट म्हटले तरी १६ जीबी झाले. माझी सगळी रॅमच तेवढी. म्हणून प्रत्येक आकडा १६ बिटांवरून, म्हणजे त्या २ बाइटांवरून, साधारण ४ बिटांवर आणायचा. रस उन्हात वाळवून आंबापोळी करतात तसंच: चव बरीचशी राहते, पसारा ५ जीबीच्या आसपास येतो. साध्या प्रोसेसरवर हे चालवायची वाट गिओर्गी गेर्गानोव या बल्गेरियन गृहस्थांनी मार्च २०२३ मध्ये लामा.सीपीपी हा प्रोग्राम लिहून मोकळी केली. त्यांचं भलं होवो. पण शब्दाचा प्रत्येक तुकडा लिहिताना तो ५ जीबीचा अख्खा ऐवज रॅममधून नव्यानं वाचावा लागतो, आणि मराठी शब्दाचे तुकडे इंग्रजीपेक्षा जास्तच पडतात. त्यामुळे उत्तर येतं ते थेंबाथेंबानं. वर लॅपटॉपच्या पंख्याची घरघर, तीही पडवीपर्यंत.

ती ऐकूनच तात्या आत आले. "पंखो कित्याक बोंबलता रे?"

मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "तुमच्याविरुद्ध सल्ला घेतायत. बसा, चहा टाकते."

तात्यांनी चष्मा लावला, खुर्ची ओढली. पडद्यावर "आपल्या… चुलत्यांचा… दावा…" असं उमटत होतं. दावा कसा आहे, हे कळायला आम्ही दोघंही सारखेच अधीर. तेवढ्यात लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर आला, प्रोसेसरनं वेग उतरवला. "कमकुवत" हा शब्द पुरा होईपर्यंत तात्यांचा चहा संपला होता. राग मात्र आला नाही. आपल्याबद्दल कोणी इतक्या सावकाश वाईट बोलत असेल तर माणसाला तयारीला वेळ मिळतो.

पुढे मॉडेलनं ठणकावलं, "महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, कलम ४१२ नुसार…"

तात्या खूश झाले. "अरे झिला, संहितेत इतकी कलमा नाय आसत. वाटपाचा कलम पंच्याऐंशी. लिही."

मी लिहिलं. मॉडेलनं चूक दाखवल्याबद्दल आभार मानले, अगदी अदबीनं. इतकी अदब आमच्या भाऊबंदांत कोणी दाखवली असती तर वाटप आजोबांच्या काळातच झालं असतं.

"आता माझ्या बाजून विचार बघू," तात्या म्हणाले.

विचारलं. लाईट आलेली नव्हती, बॅटरी उतरत चालली होती, तरी "आपली… बाजू… अत्यंत… भक्कम…" एवढं आलंच.

तात्यांनी चष्मा काढून खिशात घातला. "ह्या मात्र बरोबर सांगता."